टाच मोडू नका

हरून आलो, चार-शून्य, पाऊस आडवा,
तरी बेर्ग्टोरा दारात उभी. हातात बोथट सुरी.
स्कोअर विचारत नाही ती.
विचारते, नाड्या सोडून काढलेत ना?
की पायानेच टाच दाबून?

मी राखीव गोलरक्षक. माझे बूट सगळ्यांत स्वच्छ,
म्हणून गुरुवारी तिच्या हाताखाली मी.
तिच्या मते हा बहुमान आहे.

मैदान आमचं प्लास्टिकचं, समुद्राला टेकलेलं.
त्यात पेरलेले रबराचे काळे दाणे
मोज्यांत सापडतात, कानात सापडतात,
एकदा माशाच्या सारात सापडले.
शिवणीत घुसले की आतून करवत चालवतात, ती म्हणते.
सुरीच्या टोकाने एकेक काढायचा,
ओल्या फडक्याने पुसायचं, नळाखाली धरायचं नाही:
"भिजलाय तेवढा पुरे. बुडवायचा कशाला?"

मग रद्दी. पेपराचे बोळे चवड्यापर्यंत ठासायचे,
तासाभराने काढून कोरडे भरायचे.
मृत्यूच्या बातम्यांचं पान मात्र ती आधीच फाडून घेते,
घडी करून खिशात.
बेट लहान आहे. त्या पानावर ओळखीचंच कुणीतरी असतं,
आणि ओळखीच्या माणसाला बुटात कोंबत नाहीत.

हीटरवर कधीच नाही.
मागच्या वर्षी आमच्या ट्रॉन्डने ठेवले रात्रभर.
पी हळद नि हो गोरी.
सकाळी तळवा सुटून आ वासलेला.
बेर्ग्टोराने आत बोट घालून पाहिलं, दंतवैद्यासारखं,
आणि काही बोललीच नाही.
तेच जास्त लागलं त्याला.

तिच्या घरामागे फटीफटींच्या फळ्यांची खोली आहे,
हयात्लुर म्हणतो आम्ही.
तिथे मेंढीच्या तंगड्या टांगतात,
वारा त्यांना महिनोन्महिने चाखत बसतो.
शेजारच्या दांडीवर आमचे बावीस बूट,
जिभा बाहेर काढून.
शनिवारी समोरचा बॅक नाक मुरडतो.
कॉर्नरला आम्हाला दोन पावलं जास्त जागा मिळते.

दांडीच्या अगदी टोकाला एक जोड, अस्सल चामड्याचा,
बेचाळीस नंबर. तिच्या हॉग्नीचा.
तो ऑर्हूसला विमा विकतो. खेळत नाही.
दर ऑक्टोबरात ती बोटाने चरबी चोळते,
शिवणीला जास्त, घडी पडते तिथे आणखी जास्त.
बोटच हवं. चामडं कुठे तहानलंय ते ब्रशला कळत नाही.
फोनवर तो हसतो: अजून आहेत का ते? टाकून दे, आई.
"टाकले," ती म्हणते, आणि चोळत राहते,
फोन कान आणि खांद्याच्या मधे.

या फेब्रुवारीत जोमार आला. आई त्याची सेबूची,
मासळीच्या कारखान्यात कामाला,
बेर्ग्टोरा उभी राहायची त्याच टेबलाशी.
पाय बेचाळीस, बूट चाळीस, अंगठ्यांची नखं काळी.
बेर्ग्टोराने त्याच्या टाचेमागे बोट सरकवून पाहिलं.
सरकलं नाही.
दुसऱ्या दिवशी दांडीचं टोक रिकामं.

जोमारने त्या दुपारी गोल वगैरे काही केला नाही.
पिवळं कार्ड घेतलं, एकदा घसरला,
डाव्या बुटावर पांढरा ओरखडा,
चौदा वर्षांतला पहिला नवा.
बेर्ग्टोराने थुंकीने अंगठा ओला करून चोळून पाहिलं.
जाईना.
"चालायचंच," म्हणाली.

मग तो बाकावर बसला, दमलेला,
आणि उजव्या पायाने डावी टाच दाबू लागला.

तिची आरोळी पार धक्क्यापर्यंत गेली असणार,
कारण तिथे जाळी आवरणाऱ्या एकाने
झटकन खाली बघितलं,
स्वतःच्याच पायांकडे.