रुपयातला दीड पैसा

कार्तिकात, अमळनेरला, साडेसातच्या सुमाराला
गच्चीवर दुर्बीण लावली की
खालून गोजराबाईच्या चुलीचा धूर
थेट भाद्रपदांच्या चौकोनात शिरतो.
तिला उद्याच्या लग्नाच्या दोनशे पुरणपोळ्या आहेत.
मला एक तारा.

ताऱ्याला नाव नाही, यादीतला आकडा आहे.
वय, रंग, वजन आपल्या सूर्यासारखं;
दोघं शेजारी ठेवले तर पटकन ओळखू येऊ नयेत.
फक्त ह्याने आपला थोरला
अगदी अंगाशी धरलाय.
गुरूच्या जातीचा, पण गुरूहून फुगलेला,
साडेतीन दिवसांत फेरी पुरी.
तिथे सोमवारी सकाळी पाडवा
आणि गुरुवारी सांजेला पुन्हा पाडवा,
गुढी उतरवायला सवड नाही.
एक गाल कायम ताऱ्याकडे.
दुसऱ्याने अजून दिवस पाहिलेला नाही.

‘मास्तर, काय दखी ऱ्हायनात?’
सांगितलं.
‘इतला जोडे कसाले ऱ्हास तो? जळी नही जास का?’

जळतोच, म्हटलं.
अंगावरची हवा उडते, मागे शेपूट लोंबते.
जन्म म्हणे लांबचा, गारठ्यातला;
सरकत सरकत आला.
का, ते कुणाला नीट ठाऊक नाही.

ती हसली.
कोपरापर्यंत ओघळलेली पोळी
तिने पालथ्या खापरावर अलगद सोडली.
चाळीस वर्षं चुलीला डावा गाल दिलेली बाई:
डावीकडून एक, उजवीकडून निराळीच.
हे मी बोललो नाही.

मग दिसतो कसा, विचारलं तिने.
दिसत नाही.
ताऱ्यापुढून जातो तेव्हा उजेड घटतो,
रुपयातून दीड पैसा,
तीन तास.
मग पुन्हा रुपया पुरा.

लाकूड आत सारत ती म्हणाली,
लहानपणी घरात कंदील नव्हता.
आम्ही भावंडं भिंतीकडे तोंड करून निजायचो.
भिंतीवरचा उजेड जरा मावळला
की कळायचं, माय चुलीपुढून गेली.
वळून कुणी बघायचं नाही.
तेवढ्यावर झोप यायची.

दहा वाजून सात मिनिटांनी
लॅपटॉपवरचे ठिपके खाली बसू लागले,
बोरीच्या कोरड्या पात्रात
पायवाट उतरावी तसे.
दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचं ते घटणं
आत्ता इथे पोचत होतं.
भिंगातून पाहिलं, तारा होता तसाच.
डोळ्याला दीड पैसा कळत नाही.

तेवढ्यात खाली ती उठली असावी,
पाण्याला, की पुरणाच्या पातेल्याला.
कठड्यावरचा लाल उजेड
जरासा गेला,
आणि आला.

वहीत मी दोन्ही वेळा लिहिल्या.