हरकती व सूचना

मा. मुख्याधिकारी, मालवण यांस,
नोटीस वाचली. तीस दिवस दिलेत,
त्यातले एकवीस मी नकाशासमोर उभं राहण्यात घालवले.
जिन्याखाली लावलाय तुम्ही तो, सायकलींच्या मागे.
वाकून पाहावं लागतं.

बाजारपेठ निळी, आमची वाडी पिवळी,
समुद्र कोरा, कारण तो तुमच्या हद्दीत नाही.
रस्ता मात्र लाल : बारा मीटर.
आज तो कुठे तीन, कुठे साडेतीन,
आणि पेडणेकरांच्या पायरीपाशी
दोन रिक्षा समोरासमोर आल्या
की दोघेही आरसे मिटतात, बैलांनी कान पाडावेत तसे,
आणि एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करत
अंग चोरून सरकतात.

मी एकतीस वर्षं या गावाला पाणी सोडलं.
लोक वॉलमन म्हणायचे.
पहाटे चारला खांद्यावर चार फुटी चावी,
कुत्री ओळखायची, भुंकायची नाहीत.
गाव मी डोळ्यांनी कमी पाहिलं,
पायांनी ऐकलं जास्त :
कुठल्या दगडाखाली पाणी घसा खाकरतं,
कुठे शिट्टी घालतं,
डिसोजांच्या बेकरीमागचा सांधा कधी ठिबकू लागलाय.
वरून एखादी खिडकी उघडायची,
"आत्मारामानू, आज कितको येळ सोडतलंस?"
त्या खिडक्या आता बहुतेक बंद.
एकीखाली पाटी आहे :
समुद्र दिसतो, एसी आहे, नाश्ता वेगळा.

तुम्हाला वाटेल, म्हातारा आता रडगाणं लावणार.
नाही साहेब.
शालनला धाप लागली त्या रात्री
अ‍ॅम्ब्युलन्स मासळीबाजारापर्यंत आली,
पुढे शिरेना.
सलूनवाल्या परशाने लोखंडी खुर्ची काढून दिली,
चौघांनी उचलून नेलं तिला.
वाटेत ती म्हणाली, वरात निघाल्यासारखी वाटते.
पोचलो. उशिरा.
तेव्हा रस्ता रुंद करा.
माझी पडवी साडेचार फूट जाते, जाऊ दे.
हे मी स्वतः लिहितोय, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

पण हेही नोंदवून घ्या.
तुमच्या इंजिनीअर बाई, भली पोर,
बोलण्यावरून घाटावरची असावी,
म्हणाली, काका, इथे पार्किंग पण होईल.
किती गाड्यांचं?
तिने बोटांवर हिशेब केला : दीडशे.
मग मी दुकानं मोजली. लाल रेघेच्या अलीकडे उरतात
अकरा. त्यात सुंभाचं एक,
जाळ्यांना शिसं लावून देणाऱ्या मुल्लांचं एक,
एक माझ्या माहितीप्रमाणे चार वर्षं उघडलेलंच नाही.
दीडशे गाड्यांतून उतरून माणसं
जाणार कोणाकडे,
हे कुठल्या रंगात दाखवलंय?
ती हसली. मग हसायची थांबली.
पेन ठेवलं आणि माझ्यासाठी चहा मागवला.
ते काही उत्तर नव्हे.
चहा चांगला होता.

हरकत माझी एकच. सूचनाही तीच.
जुन्या मिठाच्या वखारीसमोर,
गटारापासून चौथ्या दगडाखाली, एक व्हॉल्व आहे.
तुमच्या नकाशात नाही, आधीच्याही नव्हता.
मला तो धाकू मेस्त्रीने दाखवला,
त्याला कोणी दाखवला ते त्याने सांगितलं नाही.
उलट्या आट्यांचा आहे.
बाकीचे सगळे उजवीकडे बंद होतात,
हा उघडतो.
कुणी सवयीने पिळला, घाईत, जोर लावून,
तर दांडा मोडेल
आणि वरची अर्धी पेठ कोरडी.
त्याच्यावर डांबर घालू नका.
घालणारच असाल तर नवीन जो पोरगा असेल
त्याला एकदा माझ्याकडे पाठवा.
पहाटे. मी जागाच असतो.
चावीही इथेच आहे, दाराआड.
निवृत्तीच्या दिवशी नारळ दिलात, शाल दिलीत,
ती परत मागायची राहिली.
मीही आठवण केली नाही.

आपला,
आत्माराम धाकटू कांदळगावकर
पत्ता : बदलेल म्हणतात. सध्या जुनाच.