कोटीला नऊ कमी

वैजूनं चौदा लॉगबुकं ओट्यावर ठेवली.
"आईच्या पीएफचं अडलंय.
तुम्हीच चेकर होता नव्हं, बेरीज करून द्या की."

निपाणीत तंबाखूचा वास
पंखा बंद केला तरी फिरत राहतो.
तीन दिवस बेरीज केली, दोनदा.
शालन सनदी, एक्केचाळीस वर्षं, जमा बिड्या:
नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव.

हात सवयीचा. लगेच जुड्या बांधायला गेलो
पंचवीस-पंचवीसच्या. सोळा उरल्या.
दोनानं भागलं, एक उरली.
तिनानं, एक. पाचानं, एक.
सातानं, अकरानं, तेरानं, दर वेळी एकच,
सुपाच्या कडेला
कुणी मुद्दाम ठेवल्यासारखी.
सतरानं मात्र तेरा उरल्या
आणि मला उगाच बरं वाटलं.

मग नादच लागला.
कॅलेंडरच्या पाठीवर एकतीसशे सदतिसापर्यंत गेलो.
त्यापुढं जायचं कारण नसतं,
पुढच्या मूळ संख्येचा वर्गच कोटी ओलांडतो.
चारशे सेहेचाळीस भागाकार.
एकही निःशेष नाही.

वैजूची पोर कन्नड शाळेत.
खांद्यावरून वाकून म्हणाली, "अज्जा, अविभाज्य."
आम्हाला मास्तरांनी मूळ संख्या शिकवलेली.
मूळ म्हटलं की मला जमिनीखालचं काही दिसतं.
तिच्या शब्दात नुसता नकार.

उलटी लिहून बघितली,
एकोणीस लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव.
ती फुटली: सतरा, एकाहत्तर, सोळाशे सत्तावन्न.
सतरा आणि एकाहत्तर
एकमेकींकडं तोंड करून बसलेल्या जावा.

शेवटच्या बुकाचं शेवटचं पान.
अक्षर माझं.
आणल्या आठशे. छाट नऊ. जमा सातशे एक्क्याण्णव.

छाट रोजचीच. कुणाच्या वीस, कुणाच्या पन्नास.
तोंड नीट मोडलं नाही, पान करपलं,
कधी काहीच नाही, वरून सांगितलेलं असायचं.
बाया भांडायच्या, शालनही भांडायची.
त्या दिवशी बोलली नाही.
सूप झटकलं, मांडीवरची तंबाखू पदरानं पुसली, गेली.

त्या नऊ घेतल्या असत्या तर कोटी.
कोटी सोपा. दोन आणि पाच, सात-सात वेळा.
कुणीही यावं, सारखे वाटे करून न्यावेत.

"कोटीच लिवा की नानू,
नऊनं काय हुतंय?" वैजू म्हणाली.
मी आकडा होता तसाच लिहिला, अक्षरीसुद्धा.

छाटलेल्या बिड्या परत द्यायचा रिवाज नव्हता.
त्यातल्या दोन मी त्याच संध्याकाळी
चिकोडी नाक्यावर ओढल्या.
चांगल्या होत्या.