कोरडं वजन

पांगाऱ्याचं पान तळहाताएवढं.
बहात्तर तास भट्टीत सुकवलं
की चिमट्यातून फुंकरीने उडतं.
अंजनीचं बोटभर,
पण काट्यावर आकडा चढतच राहतो.

येऊरच्या चढावर लाडक्या भुरकूड
पानं तोडून देतो मला, देठासकट,
आणि विचारतो, "बाय, वजन करून कळतं काय?"

म्हटलं, स्वस्तात बांधलेलं पान
लवकर फिटतं, लवकर गळतं.
महागडं सावकाश वसूल होतं, म्हणून टिकतं.
सायबेरियातली सुई घे, नाहीतर ॲमेझॉनचं पान,
सगळी एकाच तिरक्या पट्ट्यात येऊन बसतात.
स्वस्त आणि टिकाऊ, तो कोपरा
कोरा आहे.
जगभर.

"मग? कुडाला कारवी, मेढीला ऐन.
बापानं असंच घर बांधलं."

आणि कारवी सात वर्षं गप्प राहून
एकदाच फुलते, मरते,
ते माझ्या तक्त्यात कुठे लिहायचं
हे त्याने नाही विचारलं.
मीच अडले.

संध्याकाळी विटाव्याच्या चिखलात, गुडघाभर,
तिवराची पानं.
प्रत्येकावर मिठाचे कण.
पुसून मोजू, की तशीच?
लाडक्याने एक पान चाटलं.
"आता सांग," म्हणाला,
"झाडाचं वजन लिहिणार, का खाडीचं?"

वहीत दोन रकाने आखले.
दुसऱ्याला अजून नाव नाही.