गफूरभाईच्या खांद्यावर

परभणीला बस्ता बांधायला आम्ही सतरा जण गेलो.
क्रूझरमध्ये अकरा, बाकीचे एसटीनं,
आणि पेडगाव फाट्याला चढलेली, कोणाच्याच ओळखीची नसलेली
एक बाई, जी शेवटपर्यंत सोबत राहिली
आणि साड्यांना नावं ठेवत राहिली.

मी महिनाभर एकच रंग मनात धरून होते.
करडईचं फूल सुकायला लागतं ना,
पिवळ्याच्या बुडातून लाल वर चढत जातो,
तो.
काट्यांत हात घालून फोटो काढून ठेवला होता
मोबाइलमध्ये.

दुकानात पांढऱ्या गाद्या. चपला पायरीखाली.
सेठनं विचारलं, नवरी कोणती?
तेवढं एकदाच विचारलं.

मग रंग सुरू झाले.
रामा, रानी, वाईन, कांदा, चिंतामणी.
गफूरभाई एकेक साडी
तव्यावर भाकरी टाकावी तशी गादीवर टाकायचा.
आधी मानाच्या. आत्याची, मावशीची, दोन्ही मामींची,
नवरदेवाच्या थोरल्या चुलतीची, कौसाबाईची,
जिनं तीन परत केल्या
नि चौथीला म्हणाली, असू द्या, आता काय बोलावं.
टॉवेल-टोप्या मोजून झाल्या. परत मोजून झाल्या.
चहा दोनदा आला, अंगठ्याएवढ्या कपात.
शालूची पाळी आली तेव्हा पावणेचार वाजले होते.

भुकेल्या माणसांनी माझा शालू निवडला.

मी फोटो दाखवला. फोन हातोहात फिरला.
होणारी सासू चांगली बाई आहे, चष्मा लावून नीट बघितलं तिनं,
म्हणाली, "यंदा करडई बरी आली की तुमची."
फोन परत आला.

गफूरभाईनं शालू स्वतःलाच लावून दाखवला.
पँटवरच निऱ्या, चार बोटांत सरसर, खांद्यावर पदर.
पंचावन्नचा असेल. मिशा पिकलेल्या, कानात अत्तराचा फाया.
काय शोभला त्याला!
मान अशी किंचित कलती, नजर खाली,
मी आरशापुढं जे जे करून पाहिलं होतं
ते सगळं त्यानं न शिकता केलं.
आणि बायका एका सुरात म्हणाल्या,
लई खुलंल पोरीला.

माझ्या अंगावर तो आला तेव्हा
आतून पंजाबी ड्रेस, दंडाला घाम,
ट्यूबलाइटखाली रंग गाजरहलव्याचा,
जरीचा काठ मानेला टोचत होता.
आरशात बघू म्हटलं, तर आरशापुढं आत्या.
"वजन बघा वजन," सेठ म्हणाला
आणि हातावर तोलून दाखवला.
अठरावरून चौदावर आला.
वर एक पिशवी फुकट.

सगळे पायरीवर चपला शोधत होते.
गफूरभाई मोडलेल्या घड्या परत घालत बसला होता,
शंभर तरी असतील.
माझ्याकडं न बघता म्हणाला,
"तो तुमचा रंग गेल्या साली आलता, ताई. दोनच नग.
एक सेठाणीनं ठेवला."
आणि दुसरा?
"दुसरा उंदरानं."

आठ दिवसांनी शिवणाऱ्या बाई म्हणाल्या,
ब्लाऊजपीस वीतभर कमी आहे, बाहीला पुरत नाही.
दुसरं कापड जोडू का? मिळतंजुळतं आहे माझ्याकडं.
तिथं, मशीनच्या खडखडाटात,
मला जे रडू फुटलं ते आवरेचना.
मायनं पदरानं माझं तोंड पुसलं,
पाठीवरून हात फिरवला. म्हणाली,
आतापासून नको गं रडू,
सासर काय लांब नाही तुझं,
पाऊण तासाचा रस्ता.

मी मान हलवली.
बाह्या आखूड करा, म्हटलं.