पस्तीस बाय पंचेचाळीस

सगळ्या चॅनलवर जो फोटो फिरतो आहे
तो मी काढलेला.
हेडाऊ फोटो स्टुडिओ, नंदनवन,
बाजूला झेरॉक्स, मे महिन्याची दुपार,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

अवंती धकाते, वय चोवीस.
व्हिसासाठी पाहिजे, म्हणाली, पस्तीस बाय पंचेचाळीस,
मागं पांढरं, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
मी म्हटलं, हसायचं नाही, नियम आहे त्यांचा.
म्हणून ती हसली नाही.

आता पानठेल्यावर तिचं न हसणं वाचतात.
"पोट्टी आधीपासूनच टेन्शनमध्ये होती न बे,
डोळे पाह्य तिचे."

डोळ्यांत मिरची होती.
कळमन्याहून आली होती स्कूटीवर,
मिरचीबाजाराच्या वाऱ्यातून,
आणि वरून माझा कूलर तोंडावर.
दोनदा शिंकली. तिसरी दाबून धरली
नेमकं तेव्हाच मी बटण दाबलं.
ती दाबलेली शिंक
रात्री नऊच्या चर्चेत 'भेदरलेली नजर' झाली.

तिबिलिसी हे नाव
आठ दिवसांत आमच्या वस्तीला पाठ झालं.
आपल्यापेक्षा दीड तास मागं चालतं ते गाव,
एवढंच पक्कं.
बाकी, मुलगा होता सोबत. नव्हता. दोघं होते.
मिहानमधली नोकरी कधीच सुटली होती,
घरी सांगितलंच नव्हतं.
एकटीनं जायचंच काहून?
शेवटची दिसली ती बसस्टँडवर, पिवळ्या टोपीत,
नाही, वर, चर्चच्या पायऱ्यांवर, बिनाटोपीची.
तर्रीपोह्याच्या गाडीवर एकानं
पेपरच्या तुकड्यावर अख्खा डोंगर काढून दाखवला,
तर्रीचा थेंब सांडला होता तिथं बोट टेकवून म्हणाला,
इथंच.

तिची आई हल्ली पाचलाच दूध आणून घेते,
पानठेला उघडायच्या आत.

मी या गप्पांत नसतो.
त्या पोरीत प्रत्येकानं काही ना काही घातलं,
काढून घेतलं ते मी एकट्यानं.

डाव्या भुवईत तिच्या एक खाच होती,
तांदळाच्या दाण्याएवढी, केस न उगवणारी.
सक्करदऱ्याच्या बागेत घसरगुंडीवरून पडलेली म्हणे, चार टाके.
मी ती भरून टाकली. कोणी सांगितलं नव्हतं.
स्थळांच्या फोटोंत करतो तसं, सवयीनं,
रंगही जरा उजळला.
दोन मिनिटांचं काम, त्याचे मी पैसे घेत नाही.
तिनं फोटो पाहिला,
बोट भुवईपर्यंत नेलं,
काही बोलली नाही.

उरलेल्या दोन कॉप्या घरच्या ड्रॉवरमध्ये राहिल्या,
घाईत त्याच हाताला लागल्या.
आणि आता परक्या गावचे पोलीस
अखंड भुवईची मुलगी शोधत दारोदार हिंडताहेत.

काल शटर अर्धं ओढून मूळ फाइल उघडली.
लाल डोळे, नाकाचा शेंडा फुगलेला, भुवई तुटलेली.
दहा कॉप्या काढल्या, मोठ्या.
धकात्यांच्या दारात चपलांचा ढीग,
आत कोणीतरी कुठल्याशा मंत्र्याचा नंबर शोधत होतं.
मी पाकीट बाईंच्या हातात दिलं,
जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते बोललो नाही.

त्यांनी वरची कॉपी ओढली.
अंगठा सरळ भुवईवर गेला,
बराच वेळ तिथंच राहिला.
"हो," म्हणाल्या, "ही."

मग पाकीट बंद करत विचारलं,
"किती झाले?"