उदक कितलें?

रुझार स्विंडनला गेला तेव्हा
घर मावशीकडे दिलं, कुत्रा सांतानकडे,
माझ्याकडे 'सुंगट'.
वीस फुटांची, फायबरची, रविवारी गरवायला म्हणून घेतलेली
आणि बहुतेक रविवारी
शिवोलीच्या धक्क्याला बांधलेलीच.
आत तो, मी आणि भाजलेले काजू.

रोज रात्री, म्हणजे त्याच्या संध्याकाळी,
एकच ओळ येते:
उदक कितलें?

मी औषधांच्या दुकानात बसणारी बाई.
पाणी मोजायचं तर मिलिलिटरमध्ये.
पहिल्या दिवशी फळी उचलली,
खाली काळं, तेलकट,
त्यात एक बाटलीचं झाकण तरंगत होतं
सुट्टीवर आल्यासारखं निवांत.
लिहिलं: बोटीत चार बोटं.

पंप होता. पण त्याला काही कळतच नव्हतं.
तरंगत्या खटक्याला गरीची दोरी गुंडाळलेली,
पाणी गळ्याशी आलं तरी तो आपला आडवा.
दोरी कापली. पंप खडबडून उठला, उपसून मोकळा झाला.
दुसऱ्या दिवशी
तीन बोटं.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार उरकून सगुण मिस्त्री आला,
पिशवीत वर मुळा, खाली पक्कड.
म्हणाला, पंप म्हणजे ताप उतरायची गोळी,
ताप कशाचा ते कोण बघणार?
आणि तळात बोट बुडवून सरळ जिभेला लावलं.
मी ओरडले.
"गोडं असलं तर आभाळाचं, खारं असलं तर नदीचं."
थुंकला.
"हे दोन्हीचं आहे."

गोडं लगेच सापडलं. वरच्या झाकणाचं रबर चिरलेलं,
सबंध सप्टेंबर तिथून आत आला असणार.
आणि आत आलेलं पंपापर्यंत पोचत नव्हतं,
कारण फासळ्यांमधली भोकं बुजलेली.
जुन्या टूथब्रशच्या दांड्याने मी एकेक टोकरलं.
निघाली ती काजूची सालं.
आमचीच.

खारं काही केल्या दिसेना.
मग तळ चिंध्यांनी कोरडा केला
आणि दुकानातून, तारीख उलटलेली,
लहान बाळांची पावडर आणून सगळी शिंपडली.
न्हाऊमाखू घातल्यासारखी 'सुंगट' पांढरी.
भरती चढेपर्यंत धक्क्यावर बसून राहिले.
एक म्हातारा विचारून गेला, काय हरवलं का?

फळी उचलली तेव्हा
पांढऱ्यावर एकच रेघ होती, बारीक, वाकडी,
पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो
तिथून निघालेली.

सगुणने नट आवळला. पाव फेरी.
म्हटलं, आणखी आवळ. पार बंद कर.
"पार बंद केलं तर दांडा जळतो.
फिरणाऱ्याला थोडं पाणी लागतं, बाय.
फिरताना मिनिटाला दोन थेंब.
उभी असताना एकही नाही."

उभीच तर असते.
त्या रात्री लिहिलं: काही नाही.
दुसऱ्या रात्री: काही नाही.
तिसऱ्या रात्री: कोरडी.
चौथ्या रात्री विचारणाच आली नाही.
पाचव्याही.
मी दोनदा फोन चार्ज केला.

आज रविवार. दोर न सोडताच इंजिन चालू केलं,
गिअर टाकला.
'सुंगट' पुढे ओढ घेऊ लागली, दोर ताणले,
धक्का होता तिथेच.
मी पोटावर पडून, मनगटावरचं घड्याळ तोंडाशी धरून
दांड्याकडे बघत राहिले.
एक.
बराच वेळ काही नाही.
दोन.

त्याने विचारलं नव्हतं, तरी पाठवलं:
मिनिटाला दोन.
तिकडे अजून उजाडायचं असेल, किंवा रात्रपाळी.

काजू आणले होते.
सालं खिशात ठेवली.